विहीणबाईंसाठी धरलेली जागा

आमच्या संगमनेरात अमेरिकेला जाऊन आलेली माणसं आता बरीच आहेत. ती परत आली की उंच इमारती आणि रुंद रस्ते सांगतात. ते तुम्ही ऐकलेलं असणार. मी सांगणार आहे ते एका डोंगरातल्या तळ्याविषयी. तिथे दिवे नाहीत, फोन लागत नाही, आणि माणसं पैसे भरून जमिनीवर झोपायला जातात.

माझं भांड्यांचं दुकान आहे. दुकान होण्याआधी मी डोक्यावर पाटी घेऊन जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देत गल्लोगल्ली फिरले. घासाघीस हाडात मुरलेली आहे आणि डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

२००६ सालच्या जुलैत मी मुलाकडे रेडमंडला गेले होते. प्रशांत तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून सोनाली तिथेच जन्मलेली. तिचे वडील मूळचे पुण्याचे, तीस वर्षं तिकडे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. आता दुखणं सांगते. आदल्या वर्षी या दोघांचं लग्न तिकडेच झालं, आणि मला व्हिसा मिळाला नाही म्हणून माझ्याशिवाय झालं. आमचे हे तर दुकान सोडून गावातल्या देवळातसुद्धा जात नाहीत, त्यांचा प्रश्नच नव्हता. महिन्याभराने लग्नाची सीडी आली. मी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून कौतुकाने लावली, आणि सगळ्यांच्या देखत पाहिलं की विहिणीचे पाय धुवायची वेळ आली तेव्हा माझ्या जागी कुणी एक मावशी पाटावर बसली आहे. पाय तिचे धुतले. साडी तिला दिली. तिने ती हसत घेतली. मी टीव्ही बंद केला, बायकांना चहा दिला आणि त्या दिवशी ठरवलं, या विहिणीच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

रेडमंडला गेल्यावर कळलं की व्याह्यांचं घर मोटारीने वीस मिनिटांवर आहे. विहीणबाई मला भेटायला दोनदा आल्या. दोन्ही वेळा माझं डोकं दुखत होतं आणि मी वरच्या खोलीत पडून होते. प्रशांतची माझ्याकडे एकच मागणी होती. परत जाण्याआधी मी एकदा त्यांच्याकडे जेवायला जावं. तेवढं सोडून मी काहीही मान्य केलं असतं.

शेवटी सोनालीने डोकं चालवलं. ती मराठी बोलते, पण घाईत असली की इंग्रजीत जाते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, आपण सगळे कॅम्पिंगला जाऊ. माझे मम्मी-पप्पा पण येतील. तळं तर कुणाचंच घर नाही ना? इट्स नोबडीज हाउस." मला या मुलीचं तेव्हा पहिल्यांदा मनापासून कौतुक वाटलं. असा तोडगा धंद्यात लागतो. मी हो म्हटलं.

घाट ओलांडून

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. व्याह्यांना कारखान्यात काम होतं, ते दोघं संध्याकाळपर्यंत मागून येणार होते.

रेडमंडहून पूर्वेला निघालं की घाट लागतो. अलीकडच्या बाजूला सगळं ओलं, झाडांच्या बुंध्यांना हिरवं शेवाळ, खाली गुडघाभर नेचे. घाटमाथ्यावर जुलैत बर्फ होता, रस्त्याकडेला मळलेल्या गाद्यांसारखा पडलेला. पलीकडे उतरलो आणि हवाच बदलली. कोरडं ऊन, उंच उंच पाइनची झाडं, आणि त्यांच्या सालीचा गोडसर वास. आपल्याकडे घाटाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला बाजरी, तसंच हे. देश कुठलाही असो, पाऊस डोंगराच्या एकाच बाजूला मुक्काम करतो.

उतारावर फळांची दुकानं लागली. चेरीच्या खोक्यांवर दर लिहिलेला होता. सोनालीने मला आधीच बजावलं होतं की इथे दर ठरलेला असतो. मी दराला हात लावला नाही. फक्त खालच्या खोक्यातली चेरी खाल्ली, मग वरच्यातली खाल्ली, मान हलवली आणि गप्प उभी राहिले. दुकानदारीण शेतकऱ्याचीच बायको असावी, हात तसेच होते. थोडा वेळ तिने वाट पाहिली आणि आपण होऊन पिशवीत वर ओंजळभर जर्दाळू टाकले. आम्ही दोघी हसलो. सोनाली तोवर जाऊन मोटारीत बसली होती.

तळ्यावर

तळ्याचं नाव तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं आहे. मला ते तेव्हाही नीट म्हणता आलं नाही आणि आता लिहिताही येणार नाही. सरकारी जंगलातली जागा. तुम्ही भंडारदरा पाहिला असेल तर तसंच पाणी समजा, तसाच समोर उभा डोंगर, फक्त डोंगराच्या घळीत बर्फाची पांढरी पट्टी आणि काठावर भज्यांची एकही गाडी नाही. पाण्यात पाय घातला तर हाडं ठणकली. तळ दिसत होता, तळातले बुडालेले ओंडके दिसत होते. आणि इतकी शांतता की वरून गेलेल्या कावळ्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

काठाने तंबू लावायच्या जागा आखलेल्या होत्या. प्रत्येक जागेला एक खांब, त्यावर नंबर, एक लाकडी टेबल, त्याला जोडलेली बाकडी, आणि चुलीसाठी लोखंडी कडं. पैसे घ्यायला माणूस नाही. पाकिटात पैसे घालून एका लोखंडी नळकांड्यात टाकायचे आणि पावती खांबाला लावायची. मी विचारलं, कुणी टाकलेच नाहीत तर? प्रशांत म्हणाला, टाकतात. माझ्या दुकानात असं नळकांडं मी ठेवणार नाही.

पाण्याला लागून शेजारीशेजारी दोन जागा रिकाम्या मिळाल्या. एका जागेची पावती प्रशांतने लावली. दुसरीचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, "आई, इथे दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. जो आधी येईल त्याची. ते लोक वेळेत आले तर मिळेल."

मग सामान काढताना लक्षात आलं की स्टोव्हचा गॅस घरीच राहिला आहे. दोघंही सॉफ्टवेअरवाले, स्टोव्ह आणला, तंबूत टांगायचा पंखासुद्धा आणला, गॅस राहिला. दुकान खाली अर्ध्या तासावर होतं. मला सामान राखायला बसवून ते दोघं गेले.

मी एकटी उरले, आणि माझ्या हाताने जे आयुष्यभर केलं तेच केलं. एसटी आली की खिडकीतून रुमाल टाकायचा, मग ती सीट आपली, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर माझा पंचा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पातेलं ठेवलं. तुम्ही म्हणाल, जिच्या घरचं पाणी चालत नाही तिच्यासाठी जागा धरली? तर धरली. माझं विहिणीशी भांडण होतं, आणि ते कसं चालवायचं हे मी ठरवणार होते. उद्या त्यांना जागा मिळाली नसती, त्या माघारी गेल्या असत्या, तर सगळ्यांनी मलाच दोषी धरलं असतं. शिवाय समोर रिकामी जागा दिसत असताना ती हातची जाऊ देणं मला जमतच नाही.

थोड्या वेळाने एक मोठी गाडी आली. वर होडी बांधलेली, आत एक लाल दाढीवाला माणूस आणि त्याची बायको. तो उतरला, खांब पाहिला, पावती नाही हे पाहिलं. मग त्याने माझं पातेलं उचललं, पंचा उचलला, त्याची छान चौकोनी घडी केली आणि दोन्ही वस्तू आणून मला अदबीने दिल्या. माझी विसरलेली वस्तू परत करतो आहे अशा चेहऱ्याने. त्याने शिवी दिली असती तरी मी एवढी तापले नसते.

मी पंचा नेऊन परत पसरला, पातेलं परत ठेवलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने आमच्या तंबूच्या पिशवीकडे बोट दाखवलं, म्हणजे तुमची जागा ती. मी माझ्याकडे बोट दाखवलं आणि टेबलाकडे दाखवलं. पुढे मी जे बोलले ते मराठीत बोलले आणि बराच वेळ बोलले. त्याची बायको गाडीत खिडकीची काच वर करून बसली.

आवाज ऐकून तिथली देखरेख करणारी म्हातारी आली. टोपी घातलेली, हसरी, त्याच आवारात गाडीतल्या घरात राहणारी. तिने दाढीवाल्याचं ऐकलं, माझं ऐकलं, यातलं एक तिला कळलं. मग मला समजेल अशा सावकाश इंग्रजीत तिने एकच प्रश्न विचारला. या जागेत झोपणार कोण?

नियम काय आहे ते त्या प्रश्नातच मला समजलं. म्हटलं, "मी."

"यू?"

"मी. आय स्लीप." आणि मी प्रशांतच्या जागेतून माझं अंथरुण ओढत आणलं, टेबलाशेजारी जमिनीवर पसरलं आणि त्यावर मांडी घालून बसले. कनवटीला प्रशांतने अडीअडचणीला दिलेले डॉलर होते, ते पाकिटात घातले, पाकीट नळकांड्यात टाकलं आणि माझं नाव लिहिलेली पावती खांबाला लावली. म्हातारीने माझ्याकडे आणि दाढीवाल्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. जागा माझी झाली.

दाढीवाल्याचा चेहरा पडला. पाण्याला लागून आता एकही जागा नव्हती, त्याला मागे संडासाजवळ जावं लागणार होतं, आणि होडी रोज तिथून वाहून आणायची. समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही माझी पाटी घेऊन फिरतानाची सवय. गिऱ्हाईक पुन्हा दार उघडायला हवं. मी त्याच्या होडीकडे बोट दाखवलं आणि माझ्या काठाकडे दाखवलं. ठेव. मग त्याच्या गाडीत फोडलेल्या लाकडांची रास होती तिकडे बोट दाखवलं. तो समजला. एक बोट वर केलं, म्हणजे एक मोळी. मी दोन्ही हात पसरले. शेवटी आमच्या कड्याशेजारी दोन दिवस पुरेल एवढं लाकूड रचून तो गेला, आणि जाताना त्याने हात पुढे केला. प्रशांत आणि सोनाली खालून गॅस आणि महागाची लाकडं घेऊन आली तेव्हा मी चूल पेटवून बसले होते. प्रशांतने कपाळाला हात लावला. सोनाली मात्र हसून हसून बाकड्यावर बसली.

व्याही आणि विहीणबाई आले तेव्हा ऊन अजून समोरच्या कड्यावर होतं. तिकडे जुलैत दिवस मावळायला नऊ वाजतात. सोनालीने त्यांना घडलेलं सांगितलं. एका जागेत दोन तंबू चालतात, असंही सांगितलं. विहीणबाई तेव्हा माझ्या खांबापाशी उभ्या होत्या. बारीक चणीच्या, केस कापलेले, अंगात पँट आणि पायात बूट. त्यांनी खांबावरचं माझं नाव वाचलं, आणि पाऊल आत न टाकता म्हणाल्या, "येऊ का ताई आत?"

मी गारठले. तळं कुणाचंच घर नाही या बोलीवर मी आले होते, आणि पाकीट भरून मीच त्याचं घर करून ठेवलं होतं. त्या माझ्या दारात उभ्या होत्या. दारात आलेल्या माणसाला मी काय म्हणणार?

"या," मी म्हटलं. मग बसायला दिलं. मग पाणी दिलं. पाण्यामागून चहा आपोआप आला.

त्यांनी पाणी दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळं प्यायल्या. गाडीत त्यांनी केलेल्या जेवणाची मोठी पेटी होती, ती त्यांनी उघडलीच नाही. व्याही आणायला निघाले तर त्या म्हणाल्या, असू दे, आज ताईंच्या हातचं खायचं. मी थालीपिठं लावली. लाकडाच्या धगीवर, माझ्याच दुकानातल्या तव्यावर, त्या थंड हवेत, अशी थालीपिठं मी घरीसुद्धा खाल्लेली नाहीत. दाढीवाला होडी ठेवायला आला तेव्हा दोन त्यालाही दिली. विहीणबाईंनी तीन खाल्ली आणि एकदाही लग्नाचं नाव काढलं नाही. मला कळत होतं की ही बाई माझ्याइतकीच मुरलेली आहे.

शनिवार

सकाळी जाग आली तेव्हा तळ्यावर वाफ होती आणि डोंगर पाण्यात उलटा उभा होता. दाढीवाल्याने बाकावर ओल्या गवतात गुंडाळलेले तीन मासे ठेवले होते. ही थालीपिठांची परतफेड. माशांच्या अंगावर ठिपके होते. आमच्या प्रवरेच्या माशांना चिखलाचा वास येतो, यांना कसलाच वास नव्हता. तिखटमीठ लावून तळले. व्याह्यांनी काटे मोजावेत तसे एकेक काढून खाल्ले आणि मग सोनालीला घेऊन होडी मागायला गेले.

तळ्यात भांडी घासायची नाहीत असा तिथे नियम आहे. चांगला आहे. पाणी घमेल्यात आणून लांब झाडाखाली घासायची. मी घासत होते, विहीणबाई विसळत होत्या. भांडं हातात असलं की मला बोलायला बळ येतं. मी तव्याकडे बघत म्हटलं, "माझ्या जागी तुम्ही दुसरी बाई पाटावर बसवलीत."

त्या थांबल्या नाहीत, विसळत राहिल्या. "बसवली," त्या म्हणाल्या. "भटजी खोळंबले होते. कुणीतरी बसायला हवं होतं. ती आमच्या मंडळातली मावशी, बिचारी नको नको म्हणत होती."

"थांबायचं होतं. सहा महिने थांबला असतात तर काय आभाळ कोसळत होतं?"

आता त्या थांबल्या. "थांबणार होतो की, ताई. हॉल डिसेंबरचा धरला होता आम्ही. तुमचाच निरोप आला, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. मला तर तेव्हा वाईट वाटलं. म्हटलं मुलाच्या लग्नाला यायची या बाईला हौसच नाही."

मी असा निरोप दिला नव्हता. डिसेंबरचा हॉल मी आत्ता पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निरोप आणणारा माणूस एकच होता, आणि तो त्या क्षणी चुलीपाशी लाकडं रचत होता. आमच्याकडे त्याची पाठ होती.

विहीणबाई घाईघाईने म्हणाल्या की त्यांच्याच लक्षात चूक होत असेल, वर्ष झालं आता. पण मी चाळीस वर्षं बायकांना जुनी साडी नवी म्हणून सांगताना ऐकलं आहे. मी हाक मारली.

प्रशांत आला. त्याने नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. म्हणाला, "डिसेंबरात परत व्हिसा नाही मिळाला तर? मग परत पुढे ढकलायचं? मला थांबायचं नव्हतं, आई. आणि तुला विचारलं असतं तर तू थांबा म्हणाली असतीस."

"विचारलंस का?"

"नाही."

"आणि वर्षभर मी यांना बोल लावत होते, तेव्हा?"

मी हातातला तवा खाली ठेवला. काय काय बोलले ते लिहीत नाही, मासिकात छापण्यासारखं नाही. तळ्यापलीकडून आवाज परत येतो हे मला तेव्हा कळलं. विहीणबाईंनी मध्ये पडायला पाहिजे होतं, जावई आहे. त्या पडल्या नाहीत. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी घमेलं त्याच्याकडे सरकवलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "चला ताई, आपण पाण्यावर जाऊ. हा घासेल."

आम्ही काठाने खूप लांब गेलो. वाटेत त्यांनी एका झुडपाची काळपट जांभळी बोरं दाखवली, जांभळाची धाकटी बहीण म्हणावी अशी. आम्ही तोंड रंगेपर्यंत खाल्ली. त्यांनी सांगितलं, तीस वर्षांपूर्वी त्या या देशात आल्या तेव्हा आईवडिलांच्या निरोपाला पंधरा दिवस लागायचे आणि तो पोचायच्या आत लोक परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. मी पाटी घेऊन फिरायचे तेव्हाचं सांगितलं. मला वाटतं, वर्षभरात मी एवढी हलकी झाले नव्हते. ज्या दुखण्याला मी वर्षभर जपलं ते चुकीच्या घरी नेऊन ठेवलं होतं, आणि योग्य घर तर माझंच निघालं.

उरलेला दिवस होडीत गेला. होडीत बसवताना दाढीवाल्याच्या बायकोने माझा पदर सांभाळला. पाण्याच्या मधोमध गेल्यावर सगळ्या बाजूंनी डोंगर, आणि आम्ही दोघी विहिणी एका फळीवर.

परत

रविवारी तंबू काढताना विहीणबाईंनी विचारलं, मंगळवारी जेवायला येणार ना? प्रशांत गाडीत सामान भरत होता, त्याचे हात थांबले.

"येईन," मी म्हटलं. "पण माझी एक अट आहे. याला बोलवायचं नाही."

सोनालीला वाटलं मी थट्टा करते आहे. विहीणबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान्य म्हणाल्या. प्रशांत एकदा सासूकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. त्याचं लग्न माझ्याशिवाय झालं होतं. त्याने इतके दिवस ज्या जेवणासाठी धडपड केली ते त्याच्याशिवाय होणार होतं. माझ्या मते हा सौदा कुणालाच तोट्याचा नव्हता.

मंगळवारी त्यानेच मला मोटारीने सोडलं. फाटकापाशी उतरवून तो परत गेला. मी आत गेले आणि उंबऱ्यातच पाणी मागून घेतलं. विहीणबाईंनी भरली वांगी, मसालेभात आणि बासुंदी केली होती. मी सगळं दोनदा घेतलं. निघताना पाहते तर त्या ओट्यापाशी पाठ करून जावयासाठी हळूच डबा भरत होत्या. शेवटी आईच्या मनाची सासू.

मी म्हटलं, "वांगी आणि भात द्या. बासुंदी नको."